दुसऱ्या खेळीतील भय

१

एखादी कादंबरी आपण दुसऱ्यांदा वाचतो, एखाद्या नाटकाचा प्रयोग पुन्हा पाहतो, तेव्हा या पुनर्भेटीचे समर्थन करण्याची गरज आपल्याला भासत नाही. श्रेष्ठ कलाकृतीकडे माणूस वारंवार परतणारच, हे साहित्यव्यवहारात गृहीत धरलेले असते. पण भयाचे काय? ज्या कृतीचा सारा भर पुढे काय होणार हे न कळण्यावर आहे, ती कृती सगळे काही कळून चुकल्यानंतर पुन्हा हाती घेण्यात कोणता अर्थ असू शकतो? शिवाय ती कृती वाचण्याची वा पाहण्याची नसून करण्याची असेल, तिच्यात आपल्याच हातून माणसे मारली जात असतील, तर तिच्याकडे परतणे ही निव्वळ अभिरुचीची बाब उरते की तिला काही नैतिक बाजूही येते? या प्रश्नाचा विचार मी येथे एका संगणकीय खेळाच्या आधारे करणार आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने असे उदाहरण निवडावे याचे काहींना नवल वाटेल. नारायण धारप यांच्या भयकथांच्या प्रती ग्रंथालयांतून वाचकांच्या हाताळण्याने झिजल्या, पण आपल्या समीक्षेने त्यांच्याकडे गांभीर्याने पाहण्याचे बव्हंशी टाळले. भय ही जणू हलक्या वाचकाची भावना आहे, असा आपला समज असावा. भरतमुनींचा मात्र तसा समज नव्हता. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाला इतर रसांच्या पंक्तीत बसवून त्यांनी त्याचे तीन प्रकारही सांगितले आहेत: व्याजातून, म्हणजे सोंगातून, उपजणारे भय, अपराधातून उपजणारे भय, आणि वित्रासितक, म्हणजे भयंकर गोष्टीने दचकवल्यामुळे होणारे भय. हे वर्गीकरण विद्यार्थ्यांना मी अनेक वर्षे शिकवले. त्यातला मधला प्रकार मला नीट समजला तो निवृत्तीनंतर, संगणकासमोर बसून.

खेळाचे नाव ‘फिअर’. अमेरिकेतील मोनोलिथ प्रॉडक्शन्स या संस्थेने तो तयार केला आणि ऑक्टोबर २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्याला ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात त्या जातीचा हा खेळ. यात खेळणाऱ्याला नायक दिसत नाही. नायकाच्या डोळ्यांतून जग दिसते आणि पडद्याच्या खालच्या कडेशी त्याचे शस्त्र धरलेले हात दिसतात. पुढे टाइमगेट स्टुडिओज या दुसऱ्या संस्थेने त्याला दोन पुरवणी भाग जोडले: ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ (२००६) आणि ‘पर्सियस मँडेट’ (२००७). मूळ संस्था २०२५ मध्ये तिच्या मालकांनी बंद केली. मी हा खेळ प्रथम खेळलो तो २००७ च्या उन्हाळ्यात, मुलाच्या आग्रहाखातर. गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची खोकी आवरताना त्याची तबकडी सापडली आणि मुलाने आपल्या संगणकावर तो पुन्हा चढवून दिला. पहिल्या खेळीत आणि दुसऱ्या खेळीत अठरा वर्षांचे अंतर पडले.

२

कथानक थोडक्यात असे. फेअरपोर्ट नावाच्या कल्पित अमेरिकन शहरात पॅक्स्टन फेटेल हा मनुष्य एका सैन्याचा ताबा घेतो. हे सैनिक कृत्रिमरीत्या घडवलेले, एकमेकांच्या प्रतिकृती असलेले आहेत आणि फेटेल त्यांना केवळ मनोबलाने चालवतो. त्याला रोखण्यासाठी पाठवलेला नायक अनाम आहे. त्याला ‘पॉइंट मॅन’ एवढेच म्हणतात. सैनिकांशी झुंजत तो ओसाड कार्यालयांतून, गोदामांतून पुढे सरकतो आणि अधूनमधून त्याला लाल झग्यातील एक लहान मुलगी दिसते. तिचे नाव अल्मा. ती दिसली की दिवे लुकलुकतात, माणसे रक्तात विरघळतात. पुढे उलगडते ते असे: अल्माच्या अंगी असामान्य मानसिक शक्ती होती, म्हणून आर्माचॅम या कंपनीने तिला बालवयातच कृत्रिम मूर्च्छेत ठेवून कोंडले, त्या अवस्थेतच तिच्यावर मातृत्व लादले, आणि तिची शक्ती आवरेना तेव्हा तिला मरू दिले. या प्रयोगाचा सूत्रधार हार्लन वेड हा तिचा जन्मदाता पिता. फेटेल हा तिचा एक मुलगा आणि नायक हा दुसरा.

पहिल्या खेळीत यातले काहीच ठाऊक नसते. तेव्हाचा एक प्रसंग मला स्पष्ट आठवतो. एका ठिकाणी नायकाला शिडीवरून खाली उतरायचे असते. शिडी धरण्यासाठी तो पाठ वळवतो, हात शस्त्रावरून निघून दांड्यांवर जातात, आणि नेमक्या त्या क्षणी समोर, शिडीच्या माथ्याशी, ती मुलगी उभी असते. मी ओरडलो होतो आणि मुलगा हसला होता. या प्रसंगाची योजना मार्मिक आहे. एरवी हा खेळ खेळणाऱ्याला विलक्षण सामर्थ्य देतो. एक कळ दाबली की काळ मंदावतो, सैनिक पाण्यातून चालल्यासारखे हलू लागतात, बंदुकीच्या गोळ्या हवा चिरत जाताना दिसतात. असा हा काळावर सत्ता चालवणारा वीर एका मुलीपुढे मात्र रिकाम्या हातांनी उभा राहतो. भरतांनी ज्याला वित्रासितक म्हटले त्याचा हा उत्तम नमुना होय.

अभिनवगुप्तांनी भयानकाच्या विवेचनात ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. रथ पाठलाग करतो आहे, हरीण मान वळवून मागे पाहत धावते आहे. प्रेक्षकाला प्रतीत होणारे भय तेथे ‘मी भ्यालो’ असे नसते आणि ‘ते हरीण भ्याले’ असेही नसते. देशकालाच्या मर्यादेतून सुटलेले निखळ भय तेवढे उरते. यालाच आपण साधारणीकरण म्हणतो, आणि स्वतःच्या वा दुसऱ्याच्या सुखदुःखात अडकून पडणे हे रसप्रतीतीतील विघ्न मानतो. या कसोटीला ‘फिअर’ लावून पाहिला तर अडचण येते. येथे मी हरणाकडे पाहत नाही. मीच धावत असतो. मारली जाणारी कळ माझ्या बोटाखाली असते. सहृदयाला आवश्यक असलेले अंतर पहिल्या खेळीत जवळजवळ नाहीसे होते. म्हणून ते भय तीव्र असले तरी रस या पदवीला पोहोचत नाही असे मला तेव्हा वाटले आणि मी तो विषय मनातून काढून टाकला.

दुसऱ्या खेळीत शिडीचा प्रसंग आला. ती कोठे उभी असणार हे मला माहीत होते. मी वळलो, ती होती, मी दचकलो नाही. खरे सांगायचे तर मी दचकल्यासारखे केले. तरुणपणच्या अनुभवाशी इमान राखावे म्हणून श्वास रोखून धरला. हे भरतांचे व्याजज भय. कीर्केगार्दच्या ‘पुनरावृत्ती’ (१८४३) या ग्रंथातील निवेदक जुना आनंद पुन्हा मिळतो का हे तपासण्यासाठी बर्लिनला परत जातो, त्याच घरी उतरतो, त्याच नाट्यगृहात बसतो आणि हाती काही न लागता परततो. माझीही गत तीच झाली असती. पण तोवर माझे कान दुसरीकडे लागले होते.

३

पहिल्या खेळीत माणूस डोळ्यांनी जगतो, कारण जिवाची घाई असते. दुसऱ्या खेळीत वाट ठाऊक असते, म्हणून ऐकायला सवड मिळते. या ओसाड कार्यालयांतील दूरध्वनियंत्रांवर निरोप ठेवलेले आहेत, टेबलांवरच्या संगणकांत माहिती आहे. पहिल्या वेळी मी ती ओलांडून गेलो होतो. अल्माचे काय केले गेले, कोणी केले, कोणाला त्याची टोचणी लागली आणि कोणी त्याचा हिशेब मांडला, हे सारे या तुकड्यांत विखुरलेले आहे. तिची कहाणी झाकून ठेवलेली नव्हती. ती वाटेतच पडलेली होती. मला थांबायला वेळ नव्हता इतकेच.

याहून अस्वस्थ करणारे होते ते सैनिकांचे बोलणे. या खेळातील शत्रू आजही त्यांच्या चातुर्यासाठी नावाजले जातात. ते आडोसा शोधतात, टेबले उलथतात, वळसा घालून मागून येतात आणि एकमेकांना हाका मारून सूचना देतात. त्यांची बुद्धी रचणारे जेफ ऑर्किन यांनी २००६ साली खेळनिर्मात्यांच्या परिषदेत एक निबंध सादर करून तिची घडण उलगडून दाखवली. प्रत्येक सैनिकाला काही उद्दिष्टे आणि काही कृती दिलेल्या असतात. त्यांतून तो त्या त्या वेळी आपली योजना जुळवतो. ही पद्धत १९७० च्या सुमारास यंत्रमानवांसाठी झालेल्या संशोधनातून आलेली आहे. परंतु त्या निबंधातील सर्वांत बोलका भाग संवादांविषयीचा आहे. सैनिकांची एकजूट आपल्याला दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात पुष्कळच साधी असते. ती सखोल वाटते ती त्यांच्या बोलण्यामुळे. एकाला गोळी लागली तर तो नुसता कण्हत नाही. दुसरा त्याची विचारपूस करतो आणि तो उत्तर देतो. तुकडीत एकच जण उरला तर तो कुमक मागवतो. कुमक पाठवण्याची कोणतीही यंत्रणा खेळात नाही. मात्र पुढच्या दालनात आणखी सैनिक भेटणारच असतात, आणि याच्या हाकेला ते आले असे खेळणारा आपणहून समजतो.

हे वाचल्यावर मी काही वेळ स्तब्ध झालो. कोणीही ऐकत नसताना मारलेली ती हाक ऐकणारा जगात एकच जण असतो: त्याला मारायला निघालेला मी. ती हाक लिहिली गेली तीही माझ्यासाठीच. समोर मन आहे असे मला वाटावे, म्हणजे त्यावर मात करण्यात गोडी येईल, एवढ्याकरिता. मी त्या आकृतीला मन बहाल करतो, ते तिच्याशी झुंजणे रंगावे म्हणून. आणि कळ दाबण्याच्या क्षणी तेच मन काढून घेतो, कारण ती तर एक प्रतिकृती, कोणाच्या तरी मनोबलावर चालणारे बाहुले. सोयीनुसार माणूसपण द्यायचे आणि सोयीनुसार काढून घ्यायचे, या दोन्ही क्रिया मी एका संध्याकाळी शेकडो वेळा केल्या.

यावर एक आक्षेप उघड आहे. सैनिक म्हणजे पडद्यावरचे रंगीत ठिपके. त्यांना वेदना नाही. मग अपराध कसला? हा आक्षेप मला मान्य आहे आणि म्हणूनच तो अपुरा वाटतो. कोणाचे नुकसान झाले हा येथे प्रश्नच नाही. माझ्यात कोणती सवय मुरत होती, हा प्रश्न आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) कलाविचाराचे लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव दाखवले आहेत. कलेतील अनुभव जीवनातील अनुभवाहून सर्वस्वी वेगळा मानला तर माझा अपराध कल्पित ठरतो. परंतु ज्या कानाने मी त्या सैनिकाची हाक ओलांडली तो कान अलौकिक नव्हता. तो माझाच होता आणि खेळाबाहेरही मी तोच वापरत आलो आहे.

एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. मी अध्यापन करीत असताना एका अंतर्गत परीक्षेतील एक उत्तरपत्रिका मी नापास ठरवली होती. दोन वर्षांनी कपाट आवरताना ती हाती आली आणि काही घाई नव्हती म्हणून वाचली. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलाने दिले नव्हते हे खरे; पण त्याने जे लिहिले होते ते त्याने स्वतः विचार करून लिहिले होते, आणि शेवटच्या पानावर, वेळ संपत आल्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात, आपल्याला हा प्रश्न असा का दिसतो हे तो मला समजावून सांगू पाहत होता. त्या गठ्ठ्यात साठ उत्तरपत्रिका होत्या आणि मला दुसऱ्या दिवशी गुण द्यायचे होते. तो मुलगा त्या वर्षानंतर साहित्य सोडून दुसऱ्या शाखेकडे गेला होता. त्याला माझे गुण कारण झाले की नाही, मी कधी विचारले नाही. पत्र लिहावे असे मनात आले होते. लिहिले नाही.

४

आता दुसऱ्या खेळीतील मुख्य पेच. आरिस्टॉटलने शोकात्मिकेत अभिज्ञानाला, अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणाऱ्या पालटाला, मोठे महत्त्व दिले आहे. ईडिपस आधी कृती करतो, नंतर जाणतो. ‘फिअर’च्या पहिल्या खेळीत आपली स्थिती ईडिपससारखी असते: ज्याला मारण्यासाठी आपण निघालो तो आपला भाऊ, जिच्यापासून पळतो ती आपली आई, हे अखेरीस कळते. दुसऱ्या खेळीत मात्र सगळे जाणणारा ईडिपस त्याच रस्त्याने पुन्हा निघतो. अभिज्ञान आधी झालेले आहे आणि कृती बाकी आहे. शोकात्मिकेच्या परंपरेला हा क्रम फारसा परिचित नाही.

आपल्या परंपरेला मात्र तो परिचित आहे. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपदर्शनात अर्जुनाला समोरचे योद्धे काळाच्या मुखात आधीच गेलेले दिसतात, आणि तू केवळ निमित्त हो असे त्याला सांगितले जाते. खेळ पुन्हा खेळणाऱ्याला यासारखा दिलासा दुसरा नाही. हे सैनिक अठरा वर्षांपूर्वीच मेलेले आहेत, पुढच्या वळणावर कोण उभा असेल, कसा पडेल, हे मला ठाऊक आहे, मी निमित्तमात्र. हा युक्तिवाद मी स्वतःशी करून पाहिला. तो टिकला नाही. अर्जुनाने शस्त्र खाली ठेवले होते. त्याचे गात्र गळाले, मग उपदेश झाला. ज्याला आधी विषाद झाला त्याच्यासाठी निमित्तपण आहे. विषाद टाळून थेट निमित्तपण मागणारा माणूस उपदेशाचा अधिकारी होत नाही. तो नुसता पळवाट शोधत असतो. शिवाय अर्जुनापुढे युद्धातून सुटण्याची वाट नव्हती. मला संगणक बंद करता येत होता.

मी एकदा वेगळे करून पाहिले. एका दालनात तुकडीतला शेवटचा सैनिक उरला आणि त्याने कुमक मागितली. मी खांबाआड थांबलो आणि गोळी झाडली नाही. तो मला शोधत आला आणि त्याने मला मारले. खेळाने मला मागच्या नोंदलेल्या क्षणी परत नेऊन ठेवले. तुकडी पुन्हा पुरती उभी होती. या जगात दयेला जागा ठेवलेली नाही. ती दाखवली तर तिची नोंद होत नाही, केवळ प्रसंग पुन्हा सुरू होतो. दुसऱ्या वेळी मी त्याला मारले आणि पुढे गेलो.

या प्रसंगाचा अर्थ मी बराच काळ लावत होतो. खेळ क्रूर आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. पण ते पुरते खरे नाही. हार्लन वेड अखेर अल्माच्या कोठडीचे दार उघडतो, हे जाणून की ती त्याला मारील. आणि ती मारते. आयुष्यभर मुलीच्या हाकेकडे पाठ फिरवलेल्या बापाला उशिरा, सर्वनाश होत असताना, ती ऐकू येते. पहिल्या खेळीत हा मला वेडेपणा वाटला होता. दुसऱ्या खेळीत त्या म्हाताऱ्याचे वय माझ्या वयाच्या जवळ आलेले होते. त्याचा अपराध माझ्या अपराधाहून कितीतरी मोठा आणि अक्षम्य आहे. तरीही दार उघडण्याच्या क्षणी त्याला जे भय वाटत असेल ते मला ओळखू आले. भरतांनी अपराधज भय वेगळे का काढले, हे तेव्हा उमगले. वित्रासितक भय म्हणते, माझ्यावर काही येऊन कोसळेल. अपराधज भय म्हणते, येणारे येईल ते न्याय्यच असेल. पहिले पुनरावृत्तीने बोथट होते, कारण ते अज्ञानावर जगते. दुसरे ज्ञानावर जगते, म्हणून ते पुनरावृत्तीने धारदार होते.

आणि नवलाची गोष्ट अशी की, रसप्रतीतीचा जो मार्ग पहिल्या खेळीत बंद वाटला तो येथे किंचित उघडतो. दुसऱ्या खेळीत ‘मी’ आणि ‘पॉइंट मॅन’ यांच्यात ज्ञानाचे अंतर पडलेले असते. तो जाणत नाही, मी जाणतो. हात त्याचे, डोळे त्याचे, खंत माझी. हरणाचे भय जसे हरणाचे राहत नाही तसा हा अपराधही केवळ माझा राहत नाही. घाईत ऐकायचे राहून गेलेल्या प्रत्येकाचा तो होतो. हे साधारणीकरण आहे असे ठामपणे म्हणण्यास मी धजत नाही. त्याच्या दिशेने पडलेले पाऊल आहे, एवढे म्हणतो.

५

राहिले पुरवणी भाग. ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’ मूळ कथेच्या अंतापासून सुरू होतो. नायकाच्या हातून मेलेला फेटेल पुन्हा समोर येतो आणि यात काही संगती नाही हे स्वतःच मान्य करतो. सोबती एकेक करून मरतात. सुटकेच्या जागी पोहोचेपर्यंत सुटका उरत नाही. जळणारे शहर दिसते आणि कथा थांबते. ‘पर्सियस मँडेट’मध्ये दुसराच नायक त्याच रात्रीतून समांतर वाट काढतो. पहिला भाग मला मूळ खेळाइतकाच भिडला, दुसरा कमी. पण महत्त्वाची घटना पुढची आहे. २००९ साली मूळ संस्थेने पुढील खेळ काढला आणि या दोन्ही भागांची कथा बाजूला सारली. ते प्रसंग घडलेच नाहीत असे ठरले.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात सिद्ध झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची येथे आठवण होते. १९१९ साली आरंभलेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले ते काम. सुकथनकरांनी आदिपर्व संपादताना गणेश हा व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा संहितेतून काढून परिशिष्टात ठेवली. संपादकीय दृष्टीने निर्णय रास्त होता. पण गणेशाला लिहिताना मनाशी पाहत वाढलेल्या पिढ्यांच्या मनातून ती कथा प्रक्षिप्त ठरल्याने पुसली गेली नाही. प्रक्षिप्त भागात भोगलेले भय प्रक्षिप्त नसते. ‘एक्स्ट्रॅक्शन पॉइंट’मध्ये मी ज्यांना मारले ते अधिकृत कथेनुसार कधी मेलेच नाहीत, मी मात्र मारले. संहिता दुरुस्त करता येते. वाचकाचे वाचन, खेळणाऱ्याची खेळी, ही दुरुस्त होत नाही. तिच्यावर दुसरी खेळी रचता येते एवढेच.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. ज्ञात भयाकडे परतणे व्यर्थ नाही, पण ते निष्पापही नाही. पहिल्या वेळी न ऐकलेले ऐकण्याची ती संधी असते, आणि ऐकूनही पुन्हा तेच करण्याची शक्यताही तीच असते. पुनर्वाचनाने माणूस शहाणा होतो असे आपण वर्गात सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या वाचनात आपण काय चिरडून पुढे गेलो ते पुनर्वाचन दाखवते. शहाणपण त्यानंतर काय करायचे यात असते, आणि ते कोणत्याही संहितेत लिहिलेले नसते.

खेळ पूर्ण झाल्यावर मी मुलाला विचारले की त्या शेवटच्या सैनिकाची हाक त्याला आठवते का. तो म्हणाला, “हो बाबा, ती ऐकली की एकच उरलाय हे कळायचं.” त्याचे चूक नव्हते, ती त्याच कामासाठी होती. त्या रात्री मी एक पत्र लिहावयास घेतले. ज्या विद्यार्थ्याला ते लिहायचे होते तो आता पन्नाशीकडे झुकला असेल, आणि त्याचा पत्ता माझ्यापाशी नाही. मायना लिहून झाला आहे.